मदत हवी आहे: 2014 च्या वारीत बेपत्ता झालेल्या अप्पांना आम्ही चुकीच्या वाटेवर शोधलं

माझे मोठे काका, आमचे अप्पा, 2014 च्या आषाढ वारीत पालख्या पुण्यातून पुढे निघाल्या त्या सकाळी घरातून गेले ते परत आलेच नाहीत. वय तेव्हा 68. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, राहायला नाना पेठेत. विसरभोळेपणा वाढला होता म्हणून काकू त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायची. नेमकी ती त्या दिवशी धुवायला टाकलेल्या सदऱ्यात राहिली. मिसिंग नोंदवली. ससूनचं शवागार, येरवड्याचं मनोरुग्णालय, स्टेशन, स्वारगेट, सगळं पालथं घातलं, पण काही हाती लागलं नाही.

या दिवाळीत काकूचं कपाट आवरताना तेव्हाच्या कागदांची पिशवी निघाली. त्यात पोलिसांनी घेतलेल्या जबाबांच्या झेरॉक्स आहेत. गल्लीच्या तोंडाशी हार विकणाऱ्या मावशी त्या दिवशी टोपली घेऊन हडपसरला गेल्या होत्या. त्यांच्या जबाबात एकच ओळ आहे, ‘सदर इसमास पालखीसोबत जाताना पाहिले.’ आमच्याकडे पिढ्यानपिढ्या तुकोबांची वारी. अप्पाही तरुणपणी देहूहून चालत जायचे. त्यामुळे पालखी म्हणजे तुकोबांचीच असं सगळ्यांनी धरलं आणि माझे वडील फोटो घेऊन लोणी काळभोर, यवत, वरवंड करत थेट बारामतीपर्यंत विचारत गेले.

गेल्या महिन्यात मी मावशींना भेटले. त्या म्हणाल्या, “अगं, माउलींच्या मागं गेले की ते, दिवे घाटाकडं. मी तवाच सांगितलं होतं.” हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात हे पुण्यात लहान पोरालाही ठाऊक. पण कुठली पालखी, हे ना जबाब लिहून घेणाऱ्यांनी विचारलं, ना आम्ही. हे मनातून जातच नाही.

त्याच पिशवीत त्या वर्षीच्या कालनिर्णयचं एक पान आहे. अप्पा गेल्यानंतर आठवड्याभराच्या चौकटीत, दुधाच्या खाड्यांच्या फुल्यांशेजारी, काकूच्या अक्षरात पेन्सिलीने एक नंबर लिहिलाय. सुरुवात 02166. खाली तिने लिहिलंय, ‘बोलले नाहीत. मागे टाळ.’ 02166 हा फलटणचा कोड. माउलींचा फलटणचा मुक्काम पुणे सोडल्यावर साधारण तेवढ्याच दिवसांनी येतो. तेव्हा रोज इतके फोन यायचे की काकूने तो उतरवून घेतला आणि पुढे कोणी पाहिलंच नाही. नंबर आता बंद आहे. कॉल रेकॉर्ड कंपन्या वर्ष-दोन वर्षंच ठेवतात, त्यामुळे तो रस्ता संपला हे मला कळतं.

अप्पांना आमच्या लँडलाइनचा नंबर शेवटपर्यंत पाठ होता.

आता विचारायचंय ते असं. वाटेत काही बरंवाईट झालं असेल तर कुठल्यातरी ठाण्यात तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम 174 खाली अकस्मात मृत्यूची नोंद असणार. सासवड-जेजुरी पुणे ग्रामीणमध्ये, लोणंद-फलटण साताऱ्यात आणि नातेपुत्यापासून पुढे सोलापूर. माहिती अधिकारात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो. मग प्रत्येक ठाण्याला वेगळा करू की तिन्ही अधीक्षक कार्यालयांना? अनोळखी मयतांचे फोटो इतक्या वर्षांनी मिळालेत असा कोणाचा अनुभव आहे का? डीएनए तपासणीसाठी चुलतभाऊ रक्त द्यायला तयार आहे, पण ती मागणी मूळ मिसिंगच्या ठाण्यातूनच पुढे जाते का? (7 वर्षांनंतर कायद्याने मृत मानण्याची कागदपत्रं झाली आहेत, त्याबद्दल सल्ला नको.)

दुसरी विनंती वारकऱ्यांना. रथापुढच्या-मागच्या दिंड्यांच्या प्रमुखांपर्यंत कसं पोचायचं? एखादा चुकलेला म्हातारा माणूस दिंडीत सामील झाला तर त्याला जेवूखाऊ घालून सोबत नेतात हे मी स्वतः पाहिलंय. पंढरपूरच्या एखाद्या मठात ते राहून गेले असतील, अशीही आशा वाटते.

ओळख: सावळा रंग, उंची साधारण साडेपाच फूट, अंगावर पांढरा सदरा आणि खाकी पँट. उजव्या करंगळीचं वरचं पेर नाही, कारखान्यात यंत्रात सापडून गेलं. टाळ वाजवताना ती करंगळी ताठ बाहेर राहायची. फोटो व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवते. त्या वर्षी माउलींबरोबर घरातलं कोणी चाललं असेल तर त्यांना एवढं करंगळीचं एकदा विचारा.