बेथलेहेमचा तारा खगोलात शोधायचा का?

पायवाट:
मत्तयच्या शुभवर्तमानातला येशूच्या जन्माचा तारा मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या पुढे चालतो आणि बाळ येशू होता त्या जागेवर येऊन थांबतो. खरा तारा एका घरावर थांबेल कसा? पृथ्वी फिरते म्हणून सगळेच तारे पश्चिमेकडे सरकत राहतात. तरीही तो तारा म्हणजे धूमकेतू, नवतारा (अचानक उजळणारा तारा) किंवा युती (ग्रह आकाशात जवळ येणं) अशा ओळखी पटवणं चालूच आहे. मला ते विज्ञानावरही अन्याय वाटतो आणि शास्त्रवचनावरही.

रोहिणी:
नाही पटलं. खगोलशास्त्रज्ञ केप्लर श्रद्धाळू होता आणि गणितीही. त्यानेच इ.स.पू. ७ मधल्या गुरू-शनीच्या युत्यांचं गणित मांडलं. येशूच्या जन्मावेळचा राजा हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला असं बहुतेक इतिहासकार मानतात, म्हणजे काळ जुळतो. मागी आकाश वाचणारे होते. देवाने त्यांना कळेल अशा खुणेने बोलावलं, तर विश्वासाचं नुकसान काय?

आकाशवेडा:
काळ जुळतो, तारा जुळत नाही. त्या युतीत दोन ग्रहांमध्ये साधारण एक अंश, म्हणजे चंद्राच्या दोन बिंबांएवढं अंतर होतं. नुसत्या डोळ्यांनाही दोन वेगळे ठिपके दिसणार. येशूच्या वधस्तंभाच्या वेळचा तीन तासांचा अंधारही सूर्यग्रहणाचा नव्हे. ते घडलं वल्हांडण या यहुदी सणाच्या वेळी; वल्हांडण पौर्णिमेला, सूर्यग्रहण अमावस्येला. शिवाय खग्रास स्थिती साडेसात मिनिटांपलीकडे जवळजवळ जातच नाही.

रोहिणी:
मग इ.स. ३३ च्या ३ एप्रिलचं, म्हणजे वधस्तंभाचा दिवस म्हणून काही अभ्यासक मानतात त्या तारखेचं चंद्रग्रहण? त्या संध्याकाळी यरुशलेममध्ये चंद्र ग्रहण लागलेलाच उगवला. पुढे येशूचा शिष्य पेत्र लोकांना योएल संदेष्ट्याचं वचन ऐकवतो, चंद्र रक्तासारखा होईल म्हणून.

आकाशवेडा:
ते खंडग्रास होतं आणि चंद्र उगवेपर्यंत ओसरत आलेलं. लाली दिसली असेल का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

पायवाट:
यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात १३ व्या अध्यायात सूर्य, चंद्र, तारे काळवंडतात ते बाबेल (बॅबिलोन) साम्राज्याच्या पतनाविषयी बोलताना. सत्ता कोसळते तेव्हा आकाश कोसळतं, ही संदेष्ट्यांची बोलायची रीत. पेत्र त्याच रीतीने बोलतो. ती विसरलं की २०१४-१५ सारखं होतं: चार खग्रास चंद्रग्रहणं वल्हांडण आणि मंडपांचा सण या यहुदी सणांना आली आणि काही उपदेशकांनी मोठ्या उलथापालथीचे इशारे दिले. दोन्ही सण पौर्णिमेचे, चंद्रग्रहणही पौर्णिमेलाच होतं! अशा इशाऱ्यांनी माणसं खरोखर घाबरतात, म्हणून मी इतकं आग्रहाने बोलतोय.

रोहिणी:
भीती घालणाऱ्यांना माझाही विरोध आहे. पण मत्तय इथे साम्राज्याच्या पतनाविषयी बोलत नाही, दूरच्या देशातून आलेल्या माणसांविषयी सांगतो. त्यांनी वर काहीतरी पाहिलं होतं, हे मी सोडणार नाही.