गॅरेजमध्ये आईसाठी खोली: परवानगी काढायची की सरळ गवंडी बोलवायचा?

वाघूरकाठ
जळगावपासून अर्ध्या तासावरचं नगरपालिकेचं गाव. बाबांनी १९९६ साली बांधलेला बंगला, प्लॉट साधारण २१०० चौरस फूट. मागच्या कोपऱ्यात, कंपाउंडला लागून, १० बाय १८ चं गॅरेज. आईचे गुडघे गेलेत, तिची खोली वरच्या मजल्यावर, आणि पोळ्यापासून तिचं एकच पालुपद: "आते जिना नको, भाऊ." गाडी तर विकून टाकली. आता शटर काढून भिंत घ्यायची, एक खिडकी पाडायची, कोपऱ्यात संडास-बाथरूम. गवंडी म्हणतो महिन्याचं काम. ओळखीचा इंजिनिअर म्हणतो, आधी नगरपालिकेत नकाशा टाका.

माझं मत सांगतो. जागा आमची, भिंती आमच्या, झोपणार माझी आई. बाहेरून एक वीट वाढत नाही. यात विचारायचं कोणाला आणि का? आमच्या गल्लीत चार गॅरेजं. एकात झेरॉक्स, एकात ब्युटी पार्लर, एकात दहावीची शिकवणी. चौथ्यात गाडी उभी असायची, ती आमचीच.

निळी पेन्सिल
वीट वाढत नाही, हे कायद्यापुढे चालत नाही दादा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात 'विकास' म्हणजे नुसतं बांधकाम नाही, वापरातला बदलही त्यातच येतो. गॅरेज गाडीसाठी मंजूर झालं, तिथं माणूस राहायला आला की वापर बदलला. कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो. न करता बांधलं तर कलम ५३ ची नोटीस येऊ शकते, पाडा म्हणून. कलम ५२ मध्ये तर महिना ते ३ वर्षं कैद लिहिलीय. दंड मात्र २ ते ५ हजार, तो वाचून हसू येईल. नोटिशीचं हसू येत नाही.

काय_भो
काय भो, पुन्हा कलमं! त्या झेरॉक्सवाल्याला कलम ५३ दिसलं नाही, ब्युटी पार्लरला दिसलं नाही, म्हातारीच्या खाटेला बरोबर दिसणार. आमच्या भागात नोटीस कशी येते ठाऊक आहे ना? शेजाऱ्याशी गटाराच्या पाण्यावरून भांडण झालं की येते. नियम कपाटात, तक्रार टेबलावर. वाघूरकाठ भाऊ, शेजाऱ्याकडे भरिताचा डबा पाठवा आणि काम सुरू करा.

निळी पेन्सिल
शेजारी घर विकून गेला की डबा वाया. नव्या शेजाऱ्याशी पुन्हा पहिल्यापासून.

काळी माती
मी अमळनेरकडची. आम्ही हेच केलंय, परवानगी न काढता. म्हणून कलमांचं राहू द्या, काय झालं ते ऐका.

गॅरेजचा पाया दीड फुटावर होता, भिंत अर्ध्या विटेची. गाडी ठेवायला तेवढं पुरतं. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात आत जाईल. बाथरूमचं पाणी पायाशी मुरायला लागलं आणि दुसऱ्याच वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, वर स्लॅबपर्यंत. ठेकेदार म्हणाला, ताई, प्लॅस्टरची आहे. त्यात बोटातली अंगठी उभी राहायची!

दुसरं म्हणजे ऊन. स्लॅब चार इंची, वर काही नाही, भिंत पश्चिमेची. मे महिन्यात रात्री अकराला भिंतीला हात लावला तर तवा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे? सासरे ओट्यावर झोपायचे, खोली रिकामी. आमच्या आजोळी धाब्याचं घर होतं, मातीचं जाड छप्पर, भर दुपारी आत गार. आणि आम्ही म्हाताऱ्या माणसाला गाडीच्या खोक्यात ठेवलं.

वाघूरकाठ
ताई, भेगेचं पटलं. पाया खोल घेऊ, कूलर लावू. पण त्याचा परवानगीशी काय संबंध? कार्यालयात कोण पाया उकरून बघतंय?

निळी पेन्सिल
संबंध आहे. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. राहण्याच्या खोलीला तिच्यात किमान ९.५ चौरस मीटर जागा, २.४ मीटर रुंदी आणि २.७५ मीटर उंची लागते. जागा आणि रुंदी तुमची बसते. उंचीचं बघा. मंजूर नकाशा काढा, गॅरेजची उंची २.४ च्या आसपास असेल, म्हणजे पावणेआठ फूट. वर जमीन गॅरेजची, अंगणापासून जेमतेम सहा इंच. पावसाचं पाणी आत नको म्हणून ती फूटभर भरणार. राहिले पावणेसात फूट. पंखा फूटभर खाली लोंबतो. आई साडी नेसताना हात वर करतील, तेव्हा पंखा कुठं असेल ते मोजा.

हे नकाशावर कोणीतरी मोजावं, एवढ्यासाठीच ते टेबल आहे.

तापीचा गाळ
बरोबर. पण साहेब, मग स्लॅब वर उचलायची परवानगी मागितली तर मिळेल का? खरं सांगा. गॅरेज मागच्या कोपऱ्यात कंपाउंडला लागून, म्हणजे सामासिक अंतरात, हद्दीपासून मोकळी सोडायच्या पट्ट्यात. तिथं गॅरेज चालवून घेतात, कारण ते गॅरेज आहे. राहायची खोली तिथं मंजूर होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. अर्ज कर म्हणता आणि उत्तर 'नाही' आहे हे पोटात ठेवता. यापेक्षा काय_भो सरळ बोलतो.

निळी पेन्सिल
मान्य, हे मी पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. बहुतेक नाहीच म्हणतील. गॅरेज मुख्य घराच्या आत असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रश्न फक्त चटई क्षेत्राचा, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येतं त्याचा उरतो: पार्किंग त्यात मोजत नाहीत, खोली मोजतात, शिल्लक असेल तर शुल्क भरून बसते. पण तीन-चार लाख घालून मग 'नाही' ऐकण्यापेक्षा, वास्तुविशारदाला दाखवून आधी ऐकलेलं काय वाईट?

काय_भो
अर्ज टाकायचा, साठ दिवसांत उत्तर आलं नाही की कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाली असं धरतात. आमचं कार्यालय साठ दिवसांत पोचपावतीसुद्धा देत नाही. झालं काम!

तापीचा गाळ
नाही झालं. मानीव परवानगी नियमात बसणाऱ्या बांधकामालाच. अंतरात खोली बांधून साठ दिवस मोजत बसलात तर खोली अनधिकृतच राहते.

काय_भो
मग नंतर गुंठेवारीत नियमित करून घ्यायचं.

तापीचा गाळ
गुंठेवारीची तारीख ३१ डिसेंबर २०२० ला थांबलीय, आणि ती योजना विनापरवाना पाडलेल्या प्लॉटांची. यांचा प्लॉट मंजूर आहे. प्रत्येक कुलपाला तीच किल्ली लावता राव तुम्ही.

काळी माती
एक विचारू का? आईला विचारलंत? गॅरेज मागच्या कोपऱ्यात. रात्री हाक मारली तर घरात ऐकू येईल? आमच्या सासऱ्यांनी स्टीलचा पेला खिडकीवर वाजवायची खूण ठेवली होती. पहिला महिना आम्ही धावत गेलो.

वाघूरकाठ
काल संध्याकाळी टेप घेऊन गेलो. जमिनीपासून स्लॅबच्या खालपर्यंत ७ फूट ९ इंच. स्टुलावर उभा राहिलो तर डोकं टेकलं.

आईला विचारलं. ती म्हणाली, मला मागं नकोच, माझी खाट हॉलमध्ये टाक, येणारं-जाणारं दिसतं. जिन्याखाली संडास आहेच, त्यात उंच कमोड आणि भिंतीला धरायला दांडी लावतो. सोफा जातोय गॅरेजमध्ये. बायको अजून बोललेली नाही, सोफा तिच्या माहेरचा आहे.

माझं मत मात्र बदललेलं नाही. गॅरेज उंच असतं तर मी कोणाला विचारलं नसतं.

काय_भो
म्हणजे झेरॉक्स गॅरेजात आणि आई हॉलमध्ये. बरं झालं, नियम पाळले गेले.

निळी पेन्सिल
जिन्याखाली उतरती उंची किती आहे, तेही मोजा. कमोडवरून उठताना डोकं लागतं.