आधी तक्रार नेमकी करा

त्रासदायक कर्मचाऱ्याला लवकर ओळखून लवकर दूर करावे, या मतातील पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे, परंतु ओळखावे कसे, हा प्रश्न त्यात सुटून गेला आहे. "तुमची वृत्तीच वाईट आहे" असे सांगितल्याने समोरच्याला काहीच बदलता येत नाही. याउलट, "कालच्या बैठकीत तुम्ही सहकाऱ्याला दोनदा मध्येच तोडले आणि त्यानंतर त्या काही बोलल्याच नाहीत" असे सांगितले, तर वर्तन आणि त्याचा परिणाम दोन्ही समोर येतात. हे बोलणे एकांतात आणि वेळीच व्हावे. वार्षिक मूल्यमापनापर्यंत साठवून ठेवलेली तक्रार सूडासारखी वाटते. जे ठरेल त्याची लेखी नोंद दोघांकडेही असावी.

कामातील बहुतांश त्रुटींचे मूळ व्यवस्थेत असते, असे गुणवत्ता व्यवस्थापनाचे अमेरिकी तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग आग्रहाने मांडत असत. म्हणूनच काम रखडत असेल, तर त्या व्यक्तीला दोन वरिष्ठांकडून परस्परविरोधी सूचना मिळत नाहीत ना, हे आधी तपासावे. छळ, धमकी किंवा अफरातफर असेल, तर मात्र थेट चौकशीच हवी.

खरी कसोटी लागते ती उत्तम कामगिरी करणाऱ्या, पण सहकाऱ्यांना सतत तुच्छ लेखणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत. तिला सूट मिळत राहते आणि निमूटपणे चांगले काम करणारे एकेक करून बाहेर पडतात. अशा वेळी त्यांच्या राजीनाम्यातील 'वैयक्तिक कारण' या शब्दांवर व्यवस्थापकाने विसंबून राहू नये.