मदत हवी आहे: हवेत दगा दिलेलं इंजिन जमिनीवर नीट कसं चालतं?

विमानातलं कळणारं कुणी असेल तर प्लीज सांगा. भाची पायलटचं ट्रेनिंग घेतेय, सेसना १५२ वर. इन्स्ट्रक्टरबरोबर लँडिंगसाठी पॉवर कमी करून खाली येत होते, मग थोडी पॉवर हवी म्हणून थ्रॉटल पुढे ढकलला तर इंजिन नुसतं खोकलं, आरपीएम वाढेचना, आणि शेवटी रनवेच्या अलीकडेच शेतात उतरवावं लागलं. पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर वाकला, पण दोघंही आपल्या पायांनी बाहेर आले.

आता दुसरा प्रोपेलर लावून इंजिन चालवून बघितलं तर एकदम मस्त चालतंय! टाकीत पेट्रोल होतं, तळातून काढलेल्या नमुन्यात पाणी नाही. त्यामुळे सगळ्यांचा रोख पोरीवर. मी शोधलं तर कार्बोरेटरमध्ये (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) बर्फ होतो असं दिसलं, पण बाहेर २२ डिग्री होतं हो, बर्फ कुठला? आणि इन्स्ट्रक्टर म्हणतात कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढल्यावर इंजिन आणखीच धडधडलं म्हणून त्यांनी नॉब परत आत ढकलला. हे कसं काय?

प्रतिसाद:
२२ डिग्रीला आरामात होतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद जागेतून हवा ओढली जाताना तापमान २०-३० डिग्रीने पडू शकतं, हवा दमट असेल तर त्यातलंच पाणी थ्रॉटलच्या पातीवर (हवेची वाट कमी-जास्त करणारी चकती) गोठतं. पॉवर कमी असताना धोका जास्त, कारण पाती जवळजवळ बंद असते. म्हणून पॉवर कमी करायच्या आधीच कार्ब हीट पूर्ण ओढतात. उशिरा ओढला तर वितळलेलं पाणी इंजिनात जातं आणि ते आधी आणखी खडखडतं, तेव्हा नॉब तसाच धरून ठेवायचा असतो, घाबरून आत ढकलला की संपलं. आणि पुरावा वितळून जातो, म्हणून नंतर इंजिन निर्दोषच दिसतं. त्या वेळचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) काढा. कार्ब हीटची केबल आणि झडप तपासली का, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) बघितले का, हेही लेखी विचारा.

धागाकर्ता:
खूप आभार. त्या तासाच्या मेटारमध्ये (विमानतळाचा हवामान अहवाल) तापमान २२ आणि दवबिंदू १९ आहे. म्हणजे?

प्रतिसाद:
कार्बोरेटर आयसिंगच्या चार्टवर उतरतानाच्या पॉवरला हे थेट गंभीर पट्ट्यात बसतं. मेटारची प्रत चौकशीवाल्यांना द्या, आणि भाचीला कार्ब हीट कधी ओढला, कधी ढकलला ते आठवतंय तोवर लिहून काढायला सांगा.