मदत हवी आहे: प्रोस्टेटचं इंजेक्शन बंद केल्यावर टेस्टोस्टेरॉन परत कधी येतं?

नमस्कार मंडळी, माझ्या बाबांना प्रोस्टेट कॅन्सर आहे, वय सत्तरीच्या पुढे. रेडिएशन झालं आणि सोबत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी करणारं ल्युप्रोलाइडचं २२.५ मिग्रॅचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी चालू होतं, ते आता डॉक्टरांनी थांबवलंय.

सुरुवातीला डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून तेवढ्यापुरत्या त्याचा परिणाम रोखणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या दिल्या, मग तीन-चार आठवड्यांत ते ५० (ng/dL) च्या खाली जातं आणि इंजेक्शन चालू असेपर्यंत तिथेच राहतं. झालंही तसंच. पण त्याचा त्रास मात्र खूप झाला हो, रात्री अचानक अंगातून वाफा येऊन घामाघूम होतात, दंडाचे स्नायू उतरलेत, पोट सुटलंय, आणि मुख्य म्हणजे माणूस गप्प गप्प झालाय, हे बघवत नाही.

आता प्रश्न असा की बंद केल्यावर लेव्हल वर यायला किती वेळ लागला तुमच्याकडे? वय जास्त आणि इंजेक्शनं बरीच वर्षं घेतली असतील तर वेळ लागतो, काहींचं पूर्ण येतच नाही असं डॉक्टर म्हणाले. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) दर तीन महिन्यांनी करतोच, पण सोबत टेस्टोस्टेरॉन पण करून घेता का, सकाळीच रक्त देता ना? आणि हाडांसाठी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा), कॅल्शियम, व्हिटॅमिन डी याबद्दल कुणाला काय सांगितलंय? घरात कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, औषधाचं आम्ही डॉक्टरांना विचारूनच करू.