नियम आधी की निरीक्षण?

काही जण म्हणतात की व्याकरणाने भाषेला वळण लावावं, लोक कसं बोलतात याचं नुसतं वर्णन करून काय उपयोग? मला अर्धंच पटतं. 1962 च्या लेखननियमांतला शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा नियम घ्या. ‘कवि’चं ‘कवी’ झालं, कारण मराठी माणूस शेवटचा स्वर लांबवतोच. म्हणजे आधी कान, मग नियम. पण ‘कविमन’ या समासात ‘वि’ मात्र ऱ्हस्वच! तिथे आपला उच्चार नाही, संस्कृतचा मान आड आला. (‘आणि’ तर शेवट असूनही ऱ्हस्व, पोरांनी पाठच करायचं.) छपाईला, शाळेला नियम लागतात, मान्य. ते साहित्य महामंडळासारख्या संस्थेने ठरवावेत. भाषाशास्त्रज्ञाला मात्र ‘मी बोल्लो’ चूक वाटून चालणार नाही. लोक तसं का बोलतात, हे त्याने सांगावं.