छोट्या कारखान्याने सीएसआरच्या रकान्यात काय लिहायचं?

लेथवाला
नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे, चाळीसेक माणसं, टर्नओव्हर बारा-तेरा कोटी आणि नफा म्हणाल तर तो स्टीलचा भाव ठरवतो. एका मोठ्या कस्टमरने यंदा व्हेंडर ऑडिटच्या फॉर्मात नवीन रकाना टाकलाय, तुमचे सीएसआर उपक्रम (म्हणजे कंपनीने समाजासाठी केलेली कामं) लिहा आणि फोटो जोडा. हे आपल्याला कायद्याने लागू आहे का? नसलं तरी काहीतरी करायची इच्छा आहे, वर्षाला दोन-अडीच लाख काढू शकतो, पण गणपतीची वर्गणी आणि वह्यावाटप यापुढे डोकं चालत नाही. पार्टनर म्हणतो वह्या वाटा, फोटो काढा न मोकळे व्हा.

आकडेमोड
पार्टनर म्हणताय म्हणजे भागीदारी फर्म असेल तर विषयच संपला, २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ फक्त कंपन्यांना आहे. प्रायव्हेट लिमिटेड असलात तरी आदल्या वर्षी नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी गाठलं तरच लागू. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. तुम्ही यात कुठेच बसत नाही. मग विचारतात का, तर शेअर बाजारातल्या मोठ्या १,००० कंपन्यांना सेबीच्या (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियमाने बीआरएसआर नावाचा, समाज आणि पर्यावरणाबाबत काय करता याचा रिपोर्ट द्यावा लागतो, त्यात पुरवठादारांबद्दलही प्रश्न असतात, म्हणून फॉर्म खाली सरकत तुमच्यापर्यंत आला.

अजून एक, कायद्याच्या हिशोबात स्वतःच्या कामगारांवर केलेला खर्च सीएसआर धरत नाहीत, आणि जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप पण नाही. म्हणजे मंडपावरचा बॅनर गेला 😀

रात्रपाळी
कायदा धरत नसेल पण कायदाच लागू नाही ना तुम्हाला, मग तिथूनच सुरू करा की. मी आधी जिथे होतो (नाव नको) तिथे गेटवर वृक्षारोपणाचा भलामोठा बोर्ड आणि आत ठेकेदाराच्या पोरांना ईएसआयसीचं (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड नाही, एकाचं बोट गेलं तेव्हा सगळ्यांची धावपळ, साहेब लोक फोनवर, आणि त्या पोराला शेवटी खाजगी दवाखान्यात घरच्यांनी नेलं. तर आधी बघा की ठेक्यावरच्या माणसांचा पीएफ-ईएसआयसी खरंच भरला जातोय का, ठेकेदार सांगतो त्यावर नका जाऊ, चलन मागा. मशीनचे गार्ड जागेवर आहेत का की प्रॉडक्शनसाठी काढून कोपऱ्यात ठेवलेत? आणि बायका कामाला असतील तर त्यांचं टॉयलेट वेगळं आणि कडी लागणारं आहे का.

दुसरं म्हणजे वापरलेलं कूलंट (मशीनिंग करताना थंड ठेवायला सोडतात ते द्रावण) आणि ऑइल. ते रात्री नाल्यात सोडलं की नासर्डीत आणि तिथून गोदावरीत, हे काय मी सांगायला नको. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असतं. ही सगळी सक्तीचीच कामं आहेत, उपकार नाहीत, पण आपल्याकडे किती जण करतात ते एकदा एमआयडीसीत चक्कर मारून बघा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला कुंडलच्या माळावर कारखाना काढला तेव्हा सोबत कामगारांची वस्ती पण वसवली, त्यांना कुठे कुणाचा फॉर्म भरायचा होता.

झेडपीचा मास्तर
वह्यांबद्दल बोलतो. जूनमध्ये आमच्या शाळेत वह्या इतक्या येतात की कपाट बंद होत नाही, एकाच आठवड्यात तिघं येतात, पोरांना उन्हात रांगेत उभं करतात आणि प्रत्येकाच्या हातात वही देताना फोटो. नंतर वर्षभर कोणी फिरकत नाही. एका कंपनीने टॉयलेट बांधून दिलं, टाइल्स वगैरे झकास, पण पाण्याची लाइनच नाही. आमच्या त्र्यंबक-पेठ पट्ट्यात पावसाळ्यात धो धो आणि मार्च उजाडला की डोक्यावर हंडा, त्यात टॉयलेटला पाणी कुठून आणणार, कुलूप लावलं. मोठा टीव्ही पण आहे, कापडात गुंडाळलेला, कारण वीजबिलाची बोंब.

तुमच्या दोन-अडीच लाखात खूप होतं, फक्त एकदाच देऊन पळू नका. एकच शाळा घ्या, सलग तीन-चार वर्षं घ्या, आणि शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात त्यांना विचारा काय पाहिजे. बहुतेक वेळा दुरुस्ती निघेल: टाकी, मोटर, पत्रे, बिल. त्याचे फोटो चांगले येत नाहीत म्हणून त्याला कोणी पैसे देत नाही.

पेमेंट_कधी
सगळं ठीक, पण त्या मोठ्या कस्टमरला कोणीतरी विचारा की बिलं कधी देतोस. २००६ चा एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांचा) कायदा म्हणतो करार केला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. आम्ही छोटे लोक ९० दिवस ओव्हरड्राफ्टवर व्याज भरतो आणि वर आम्हालाच विचारतात समाजासाठी काय केलं. फॉर्मात उलटा रकाना पाहिजे 😡

रात्रपाळी
@पेमेंट_कधी हे मात्र शंभर टक्के. आणि @लेथवाला, एखादं जुनं पण चालू लेथ पडून असेल तर आयटीआयच्या प्राचार्यांना विचारून बघा, आमच्या वेळी एका मशीनवर आठ पोरं असायची, सहा जण नुसते बघायचे.

लेथवाला
लेथ आहे एक, चक बदलावा लागेल. ठेकेदाराकडे चलनं आजच मागितली, "देतो साहेब" म्हणालाय म्हणजे काहीतरी गडबड आहे. मास्तर, शनिवारी सकाळची शाळा असते ना, येऊ का? ते टॉयलेट आणि टाकी यात अंतर किती ते बघून घेऊ, येताना प्लंबर सोबत आणतो.